‘तुंबाड’चा उत्तरभाग : कथेची पूर्णता आणि रसिकांची अपेक्षा

प्रस्तावना

लोकप्रिय कलाकृतीचा दुसरा भाग यावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता व्यवसायाचा वाटतो. परंतु रसिकच या प्रश्नावरून दोन पक्षांत विभागले जातात, तेव्हा तो कथेच्या पूर्णतेविषयीचा, म्हणजे साहित्यशास्त्राचा प्रश्न ठरतो. राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटाच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. 12 ऑक्टोबर 2018 रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाला त्या वेळी बेताचाच प्रेक्षक लाभला. 13 सप्टेंबर 2024 रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि मूळ प्रदर्शनापेक्षा अधिक उत्पन्न मिळवून गेला. त्याच सुमारास दुसऱ्या भागाची घोषणा झाली. निर्माते व प्रमुख अभिनेते सोहम शाह यांच्याकडेच ही धुरा राहिली. मूळ दिग्दर्शक बर्वे मात्र शुभेच्छा देऊन या प्रकल्पापासून दूर झाले. त्यामुळे चाहत्यांमधील वादाला अधिकच धार आली. प्रस्तुत लेखात या वादातील दोन्ही बाजूंची चिकित्सा चित्रपटाच्या संहितेच्या आधारे केली आहे.

वादाचे स्वरूप

दुसरा भाग हवा म्हणणाऱ्यांचा मुख्य युक्तिवाद हस्तरभोवती फिरतो. समृद्धीच्या देवीचा हा पहिला पुत्र. सोने मिळवून अन्नाकडे हात वळवताच तो इतर देवांच्या कोपाला बळी पडतो आणि त्याची कधीही पूजा होणार नाही या अटीवर आईच्या गर्भात आश्रय पावतो. या पुराणसदृश कल्पिताचा फारच थोडा भाग पडद्यावर येतो. शापाचे नियम आणि हस्तरची भूक यांविषयी जाणून घेण्यासारखे पुष्कळ शिल्लक आहे, असे हा पक्ष मानतो.

विरोधी पक्षाचे म्हणणे असे की, ज्या चित्रपटाचा विषयच लोभ आहे, त्याच्याकडून ‘आणखी एक’ मागणे हीच विसंगती आहे. हा युक्तिवाद आकर्षक असला तरी पुरेसा नाही. कथेची ओढ आणि सोन्याचा हव्यास यांना एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे. 2024 मध्ये चित्रपटगृहात गेलेल्या अनेकांना 2018 मध्ये हुकलेला अनुभव घ्यायचा होता. त्याला लोभ म्हणणे अन्यायाचे होईल.

कहाणीचा घाट

दोन्ही पक्षांकडून सुटलेला मुद्दा चित्रपटाच्या घाटाचा आहे. ‘तुंबाड’ची सुरुवात बाप मुलाला देवीची गोष्ट सांगतो आहे, अशी होते. नारायण धारप यांच्या कथेतून या चित्रपटाचे बीज स्फुरले, आणि शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीची आठवण करून देते. परंतु त्याच्या रचनेचे नाते याहून जुन्या अशा व्रताच्या कहाणीशी जुळते. कहाणीत वसा घेतला जातो, ऐश्वर्य येते, माणूस उततो, माततो, वसा टाकतो आणि शिक्षा भोगून पुन्हा मार्गावर येतो. मग ती सुफळ संपूर्ण होते. ‘तुंबाड’मध्ये हाच क्रम उलटा मांडलेला दिसतो. पिठाचे रिंगण आहे, कणकेची बाहुली आहे, काटेकोर विधीही आहे. पण त्यामागे भक्ती नाही. 1918 च्या प्रकरणात गाव सोडताना आई विनायककडून तुंबाडला न परतण्याची शपथ घेते. 1933 च्या प्रकरणात तो ती मोडूनच श्रीमंत झालेला आहे. येथे वसा टाकल्यावर संपत्ती येते.

तीन प्रकरणांची ही रचना लक्षात घेतल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. लोभाची पुनरावृत्ती दाखवण्यासाठी जो उत्तरभाग लागला असता, तो चित्रपटातच सामावलेला आहे. सावकार राघव विनायकची नक्कल करू पाहतो आणि संपतो. मुलगा पांडुरंग बापाच्या तालमीत तयार होतो. 1947 च्या प्रकरणात देश स्वतंत्र होतो, वाडा सरकारजमा होणार हे कळते आणि अनेक बाहुल्या नेऊन हस्तरचे धोतरच मुद्रांसकट पळवण्याची कल्पना पुढे येते. ही कल्पना विनायकची नसून पांडुरंगची आहे, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. लोभ पुढच्या पिढीत केवळ उतरलेला नाही, तो वाढलाही आहे.

नकाराचे मोल

म्हणूनच शेवटचा प्रसंग निर्णायक ठरतो. मुलाला वाचवण्यासाठी विनायक बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधून घेतो आणि शापित होऊन बाहेर येतो. हातातील मुद्रांनी भरलेले वस्त्र तो पुढे करतो. पांडुरंग ते नाकारतो आणि बापाला अग्नी देऊन मुक्त करतो. ज्याने सर्व काही मागितले होते, तोच काहीही घेत नाही. तीन पिढ्यांत प्रथमच कोणीतरी ‘नको’ म्हणते. चित्रपटाचा सारा नैतिक भार या एका नकारावर उभा आहे.

यावरून वादाचा मूळ प्रश्न बदलतो. हस्तरविषयी काय सांगायचे उरले, यापेक्षा पांडुरंगच्या नकाराचे काय होणार, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. तो पुन्हा तुंबाडला गेला, तर पहिल्या चित्रपटाचा शेवट केवळ मध्यंतर ठरेल. उत्तरभाग पूर्वीच्या कथेला नुसता जोडला जात नाही, तो तिचा अर्थही मागे जाऊन बदलतो. शापाचे सर्व नियम उलगडून सांगितल्यास आणखी एक हानी संभवते. हस्तरची भीती त्याच्याविषयीच्या अपुऱ्या माहितीतून निर्माण झाली आहे. स्पष्टीकरण वाढेल तशी ती ओसरेल.

येथे बर्वे यांचा मार्ग उद्बोधक वाटतो. ‘तुंबाड’, ‘पहाडपांगिरा’ आणि ‘पक्षीतीर्थ’ अशा त्रयीची कल्पना त्यांनी 2024 मध्ये जाहीरपणे मांडली. पितृसत्ताक लोभाकडून स्त्रीवादी जाणिवेकडे जाणारी ही मांडणी आहे. पात्रे पुढे नेण्याऐवजी आशयसूत्र पुढे नेणे, हाही उत्तरभागाचाच एक प्रकार मानता येईल.

समारोप

सारांश, कथेच्या गरजेपुरता विचार केल्यास ‘तुंबाड’ला दुसऱ्या भागाची आवश्यकता नाही. ती कहाणी तिच्या परीने पूर्ण झालेली आहे. तथापि, आवश्यकता नसणे म्हणजे अधिकार नसणे नव्हे. एकीची कहाणी ऐकून दुसरीने वसा घेणे, ही कहाणीच्या परंपरेतील मान्य रीत आहे. नव्या पात्राची, नव्या काळाची कथा त्या गर्भापर्यंत जाऊ शकते. अट एवढीच की, पांडुरंगने जे नाकारले ते त्याच्या हाती पुन्हा देऊ नये. पहिल्या चित्रपटावर प्रेम करणाऱ्या रसिकांनी दुसऱ्या भागाला प्रथम याच कसोटीवर पारखावे.