यंदाची वाइन

मानपाड्यात आमच्या घरी आंब्याची पेटी उघडली की आधी वर्षाचा निकाल लागतो. मोहोर उशिरा आला, अवकाळी पडला, म्हणून यंदा हापूसला चव नाही. आंब्याला एवढी समज दाखवणारे आम्ही वाइन मात्र दरवर्षी तशीच लागावी म्हणतो. मी तर सॉफ्टवेअरमधला. त्याच इनपुटला तेच आउटपुट मिळायला हवं, ही सवय. नाशिकच्या एका शिराझच्या २०१९ आणि २०२० सालच्या बाटल्या शेजारी ठेवून प्यायलो आणि दुसरीबद्दल वहीत लिहिलं: ‘पातळ, कच्ची, तुरट.’

शेरा खोटा नव्हता, अर्धवट होता. मोजपट्टी बोर्दोची होती. तिथे वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते आणि द्राक्षं पिकताना हवा गार होत जाते. नाशिकला वेल झोपत नाही. तिचं वर्ष कात्री ठरवते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, जानेवारी ते मार्च तोडणी. द्राक्षं थंडीकडून उन्हाकडे पिकतात. गार रात्री आम्लता राखतात. ऊन चढलं की साखर झपाट्याने वाढते आणि आम्लता घसरते, पण सालीचा आणि बियांचा तुरटपणा त्या वेगाने मुरत नाही. लवकर तोडलं तर तो हिरवा राहतो. थांबलं तर अल्कोहोल वाढून वाइन बोजड होते. लाल वाइनमध्ये रस साली-बियांसकट आंबतो, त्यामुळे हे झाकता येत नाही.

बाटलीवर २०२० असलं, तरी तिचा हंगाम २०१९ मध्येच सुरू झाला होता. त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात नाशिकला पाऊस लांबला. अशा पावसात छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर केवडा येतो, घड कुजतात. छाटणी पुढे ढकलली तर पिकणं मार्चच्या उन्हात सापडतं. त्या उन्हाला घाबरून घाईने तोडलं, तर माझ्या वहीतले तीनही शब्द बाटलीत उतरतात.

म्हणून वाईट वाइनला चांगली म्हणायचं का? नाही. पाऊस शेतकऱ्याच्या हातात नाही, पण कुठले घड ठेवायचे, कधी तोडायचं आणि त्या वर्षी लाल वाइन करायची की गुलाबी, हे माणूस ठरवतो. समीक्षेने जोखायचं ते हे ठरवणं. हंगाम माहीत नसेल, तर आपण पावसाचे गुण वाइनवाल्याला देतो आणि वाइनवाल्याच्या चुका पावसावर ढकलतो.

आपल्या लेबलांवर हे क्वचितच दिसतं. तिथे चीज असतं, ओकचं पिंप असतं, ‘पिकलेल्या बेरी’ असतात. गोडी छाटणीचा आणि तोडणीचा महिना, एवढ्या दोन गोष्टी छापल्या तरी पिणाऱ्याला वर्ष वाचता येईल, जसं आई पेटीतला पहिला आंबा हुंगून वाचते.

वहीतला शेरा मी खोडलेला नाही. त्याखाली लिहिलंय: ‘तोडणी कधी?’