उजळलेला पेला, विझलेला शेवट

जिना अंधारात आहे. खिडकीच्या गजांची सावली भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरली आहे. खालून जॉनी एकेक पायरी चढत येतो. त्याचा चेहरा दिसत नाही, पण तबकातला दुधाचा पेला लख्ख उजळलेला. प्रेक्षकाची नजर दुधावरून हलू नये म्हणून हिचकॉकनं पेल्यातच छोटा दिवा लावला होता. आजारी बायकोला नवऱ्यानं दूध आणून द्यावं, यात भिण्यासारखं काय आहे? पण ‘सस्पिशन’ (१९४१) पाहताना इथे श्वास अडकतो.

हा संशय एकाएकी आलेला नसतो. लग्नाआधी टेकडीवर जॉनी जवळ येतो तेव्हा लीना पर्स खट्‌कन मिटते; तिचा नकार त्या आवाजात ऐकू येतो. पुढे अक्षरांच्या सोंगट्यांचा खेळ चाललेला असतो. नवरा आणि त्याचा मित्र बीकी जमिनीच्या व्यवहाराबद्दल बोलत असतात आणि लीनाची बोटं नकळत ‘मर्डर’ हा शब्द जुळवतात. मनात काय चाललंय हे तिच्याआधी तिच्या बोटांना कळतं. लीनाच्या भूमिकेत जोन फोंटेननं ही भीती आणि त्याच माणसावरचं प्रेम एकाच चेहऱ्यावर पेललं आहे. या भूमिकेला मिळालेलं ऑस्कर मला अगदी रास्त वाटतं.

आणि मग शेवट. सकाळी पेला भरलेलाच दिसतो. दुधात काय होतं, कुणी पाहत नाही. कड्यावरच्या रस्त्यावर भरधाव मोटारीचं दार उघडतं, झटापट होते आणि जॉनी सगळं सांगून टाकतो: विष त्याला स्वतःसाठी हवं होतं, आणि ज्या बीकीच्या मृत्यूचा लीनाला त्याच्यावर संशय होता, तो मेला तेव्हा जॉनी लिव्हरपूलला होता. दीड तास कॅमेऱ्यानं रचलेला संशय दोन मिनिटांच्या संवादात पुसला जातो.

फ्रान्सिस आइल्सच्या मूळ कादंबरीत (१९३२) लीना जाणूनबुजून विष घेते. हिचकॉकला हवा असलेला, त्यानं दिग्दर्शक त्र्यूफोला मुलाखतीत सांगितलेला शेवट त्याहून धारदार होता: लीना आईला पत्रात सारं लिहिते, दूध पिते आणि जॉनी शीळ घालत तेच पत्र पेटीत टाकतो. पण जॉनी साकारणाऱ्या कॅरी ग्रँटला खुनी करायला स्टुडिओ धजावणार नव्हता.

जॉनी निर्दोष ठरला, याची मला तक्रार नाही. निर्दोष नवऱ्याला खुनी समजून त्याच्या हातचं दूध प्यायला तयार झालेली बायको, हीसुद्धा भयंकर गोष्ट झाली असती. पण त्यासाठी खुलासा ऐकल्यावर तिच्या मनात काय उरलं, हे दिसायला हवं होतं. चित्रपट ते टाळतो. मोटार वळते, जॉनीचा हात तिच्या खांद्यावर येतो, आणि कॅमेरा दोघांच्या पाठीमागे थांबतो. आतापर्यंत सगळं जिच्या डोळ्यांनी पाहिलं, तिचा चेहरा इथे दाखवायलाच हवा होता.