वानरांचे वर्तन आणि माणसाचा धर्म

मारुतीच्या देवळात नारळ वाढवणारा भाविक वानराच्या ठायी सेवा, निष्ठा आणि संयम पाहतो. सारा ब्लॅफर हर्डी या अमेरिकन विदुषींचा १९७७ चा ‘द लंगूर्स ऑफ अबू’ हा ग्रंथ त्याच वानराचे निराळे, काहीसे भीषण रूप दाखवितो. म्हणूनच श्रद्धावंतांनी तो टाळू नये, असे आम्हांस वाटते.

टोळीवर नव्या नराने कबजा केला की अंगावर पिणारी पिल्ले मारली जातात, हे सुगियामा या जपानी संशोधकांनी १९६२ च्या सुमारास धारवाडच्या रानात नोंदविले होते. गर्दीमुळे वानरांची प्रकृती बिघडते, असा तर्क तेव्हा केला जाई. तोच मनाशी धरून हर्डी १९७१ साली अबूस आल्या आणि निरीक्षणांती तो त्यांनी सोडून दिला. त्यांचे प्रतिपादन असे : नराचे आधिपत्य अल्पकाळ टिकते, पिल्लू गेले की मादी लवकर माजावर येते, सबब परक्याचे पिल्लू मारणाऱ्या नराची संतती अधिक उरते, आणि ती प्रवृत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

ग्रंथाचा खरा गुण पुढे आहे. येथील माद्या निमूट सोसणाऱ्या नाहीत. गर्भार मादी नव्या नराशी समागम करून पितृत्वाचा संभ्रम निर्माण करते. उतारवयाच्या माद्या दुसरीच्या पिल्लासाठी नरावर धावून जातात. उत्क्रांतीच्या कथेत मादीला कर्तेपण देणारा हा भाग आजही ताजा वाटतो.

परंतु दोन आक्षेप नोंदविणे प्राप्त आहे. वध प्रत्यक्ष पाहिल्यापेक्षा नाहीशा झालेल्या पिल्लांवरून काढलेले अनुमानच येथे अधिक आहे. वकिली भाषेत बोलायचे तर हा परिस्थितिजन्य पुरावा. ही उणीव पुढे १९९९ साली नेपाळातील रामनगरच्या वानरांवरील आनुवंशिक तपासणीने पुष्कळशी भरून काढली. हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे जनक नव्हते, असे तीत आढळले. दुसरा आक्षेप शब्दांचा. ‘डावपेच’ म्हटले की हेतू आला. न्यायालयात हेतू सिद्ध करावा लागतो. वानराला मात्र हिशेब ठाऊक नसतो, तो केवळ निसर्गाच्या निवडीत उरलेला असतो.

हा भेद विसरला की अनर्थ ओढवतो. काठेवाडातील काही कुळांत मुली जन्मतःच मारल्या जात. अशा प्रथांविरुद्ध १८७० साली कायदा करावा लागला. ‘निसर्गच तसा’ हा बचाव तेथे चालू शकला नसता. कारण सांगणे म्हणजे समर्थन करणे नव्हे.

हर्डी यांनीच २००९ च्या ‘मदर्स अँड अदर्स’ या ग्रंथात दुसरी बाजू मांडली : माणसाचे मूल एकट्या आईने वाढत नाही, आजी, मावशी, शेजारीण यांच्या हातांवर ते वाढते, आणि त्यातूनच आपली परस्परांचे मन ओळखण्याची शक्ती घडली. आमच्या भेस्तान-उधना भागात खानदेशातून पोटासाठी आलेल्या कुटुंबांस हे ग्रंथावाचूनही पटेल.

मारुतीची पूजा आपण त्याच्या जातीसाठी करीत नाही. बळ असून त्याने ते आवरले, यासाठी करतो. हा ग्रंथ वाचून ती पूजा उणावत नाही, डोळस होते.