फोल्डरखालचा हात

विंडोज 95 पासून एक्सपीपर्यंत एखादा फोल्डर दुसऱ्या संगणकासाठी खुला केला, की त्या पिवळ्या चित्राखाली एक हात दिसू लागायचा. तळवा वर, बाहीची कड दिसतेय, फोल्डर पुढे धरलेला. प्रसाद घेऊन दारात आलेल्या शेजारणीचा असावा तसा. व्हिस्टात तो हात गेला आणि त्याच्या जागी दोन माणसांच्या बारीक आकृत्या आल्या. 2009 सालच्या विंडोज 7 मध्ये खूणच उलटली. जो फोल्डर फक्त आपल्यापुरता आहे, त्याच्यावर छोटंसं कुलूप दिसू लागलं. हात ते कुलूप हे अंतर 14 वर्षांचं.

घरातल्या दोन जुन्या संगणकांनी वायरीवरून एकमेकांना फाइल देणं हा विषय आपण दुरुस्तीवाल्याकडे सोपवून मोकळे होतो. पण त्या देण्याघेण्याला वेळोवेळी दिलेली नावं आणि चिन्हं कुणीतरी विचार करून निवडलेली होती. आपलं कोण, शेजारी कोण, घरात कुणाला घ्यायचं, याबद्दलचं एक मत त्यांत आहे. म्हणून ती कवितेसारखीच, शब्द तपासत वाचायला हरकत नाही. मला हे वाचन करावं लागलं ते शनिवार पेठेतल्या माझ्या आत्यामुळे.

आत्या घरी बसून डीटीपीची कामं करायची. लग्नपत्रिका, प्रबंध, लहान प्रकाशकांची पुस्तकं. कामातून वेळ मिळाला की ती आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या टाइप करत असे. आजी भोरकडची. तीनशेच्या आसपास ओव्या, एक्सेचाळीस फायली, आणि त्या सगळ्या आतल्या खोलीतल्या एक्सपीच्या संगणकात. पेनड्राइव्हने काम पाच मिनिटांत झालं असतं. पण त्या यंत्राचं मागचं एकच यूएसबी भोक धड होतं आणि त्यात मराठी सॉफ्टवेअरची कुलूप-किल्ली बसवलेली होती. ती काढली की सॉफ्टवेअर उघडत नाही. आत्या ती काढू देईना. राहिली वायर.

आधी नावांकडे पाहू. विंडोज 95 ने दुसरे संगणक दाखवणाऱ्या चित्राला ‘नेटवर्क नेबरहुड’ म्हटलं, म्हणजे शेजार. पुण्यात हा शब्द काही काळ अक्षरशः खरा होता. 2000 नंतरच्या वर्षांत केबलवाले गच्चीवरून गच्चीवर इंटरनेटच्या वायरी टाकू लागले, तेव्हा आमच्यासारख्या कित्येक गल्ल्या नकळत एकाच जाळ्यात आल्या. शेजार उघडला की अनोळखी यंत्रांची नावं दिसायची. कुणी देवाचं नाव दिलेलं, कुणी मुलीचं. एखाद्याने अख्खा सी ड्राइव्ह पासवर्डाविना उघडा टाकलेला असे. भिंतीपलीकडच्या माणसाच्या आवडीची गाणी आधी कळायची आणि माणूस नंतर भेटायचा.

या शेजाराला आर्थिक पायाही होता. टेलिफोनच्या 56 के मोडेमवरून सेकंदाला फार तर 7 किलोबाइट यायचे, म्हणजे 700 एमबीची एक सीडी उतरवायला 28 तास. फ्लॉपीने न्यायची तर 1.44 एमबीच्या पावणेपाचशेहून अधिक फ्लॉप्या लागल्या असत्या. तीच सीडी 100 एमबीपीएसच्या घरगुती वायरीवरून दोनेक मिनिटांत शेजारच्या खोलीत पोचायची. दोनच यंत्रं असतील तर हबही लागत नसे. एका टोकाला हिरव्या आणि नारिंगी जोडीची अदलाबदल केलेली क्रॉसओव्हर केबल पुरायची. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ती मीटरवर मोजून मिळे. दूरचं महाग आणि जवळचं जवळपास फुकट, अशा काळात शेजार हा शब्द कुणाला सुचला यात नवल नाही.

पण या शेजारात एक अट सुरुवातीपासून होती. दोन्ही यंत्रांना एकच बोली यायला हवी. ती बोली एसएमबी. तिचं मूळ 1983 साली आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी केलेल्या कामात आहे. 1992 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी वायरीवरून जाणारे निरोप निरखून ती बोली उलगडली. त्यातून ‘सांबा’ जन्मला आणि विंडोज नसलेली यंत्रंही शेजारात बसू लागली. हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो, कारण देणं म्हणजे नुसती वस्तू सरकवणं नव्हे हे तो सांगतो. घेणाऱ्याला देणाऱ्याची भाषा कळेल याची सोय कुणीतरी करावी लागते.

पुढे नावं आक्रसत गेली. विंडोज 2000 मध्ये ‘नेबरहुड’चं ‘माय नेटवर्क प्लेसेस’ झालं. शेजार गेला, ‘माझ्या’ जागा आल्या. व्हिस्टात नुसतं ‘नेटवर्क’ उरलं. मग विंडोज 7 ने ‘होमग्रुप’ आणला, आणि हे नाव सगळ्यांत गोड असल्यामुळे त्याच्याकडे जरा कठोरपणे पाहायला हवं. होमग्रुपमध्ये एक्सपीला प्रवेश नव्हता, व्हिस्टालाही नव्हता. घराच्या नावाने उभ्या केलेल्या गटात घरातलं सगळ्यांत जुनं यंत्र बसू शकत नव्हतं. शिवाय भारतासारख्या बाजारांसाठी विंडोज 7 ची ‘होम बेसिक’ नावाची स्वस्त आवृत्ती होती. तिला दुसऱ्याच्या होमग्रुपमध्ये जाता येई, स्वतःचा काढता येत नसे. ‘होम’ नाव असलेल्या आवृत्तीला घर मांडायची मुभा नाही, ही विसंगती कुणाला बोचली नाही. 2018 च्या एप्रिलमधल्या सुधारणेत विंडोज 10 मधून होमग्रुप काढून टाकला गेला. फारसं कुणी हळहळलं नाही, आणि ते समजण्यासारखं आहे.

याच्या आधी, 2017 साली, खरा दरवाजा बंद झाला होता. 12 मे 2017 रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने दीडशेहून अधिक देशांतल्या लाखो संगणकांच्या फायली कुलूपबंद केल्या. ब्रिटनमधल्या रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. तो घुसला तो एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून, म्हणजे जुन्या शेजाराच्या दारातूनच. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्याने बसवलेल्या विंडोज 10 मध्ये ही पहिली आवृत्ती मुळात कापलेली येऊ लागली. दुसऱ्याकडून फाइल घेण्यापुरता भाग घरगुती आवृत्त्यांत शिल्लक होता, पण 15 दिवस तो वापरला नाही तर आपोआप निघून जाई. एक्सपीला ही एकच बोली येते. शेजारी पंधरवडाभर फिरकला नाही म्हणून त्याच्या बाजूची खिडकी बुजवून टाकावी, तसं झालं.

जुन्या वस्तूंवरचं लेखन इथे सहसा उसासा टाकतं. मला तो टाकायचा नाही. ती बोली बंद करणं योग्य होतं. सी ड्राइव्ह उघडा टाकणारा आमचा तो शेजारी भला असेल, पण भाबडा होता, आणि अख्ख्या जगाला जोडलेल्या वायरीवर भाबडेपणाची किंमत रुग्णालयातला कुणीतरी मोजतो. एक्सपीची देखभाल 8 एप्रिल 2014 ला संपली होती. अशा यंत्राला इंटरनेटवर ठेवणं हा भावुकपणा शेजाऱ्याला महागात पडू शकतो. माझा आक्षेप वेगळा आहे. दार बंद करताना आत कोण राहिलं हे पाहण्याचं काम कुणाचंच नव्हतं. आणि मराठीच्या बाबतीत आत बरंच काही राहिलं होतं.

आमच्या घरी तोडगा मधल्या पिढीने काढला. कपाटात विंडोज 7 चा एक लॅपटॉप होता. त्याला एसएमबीची पहिली आवृत्तीही येते आणि दुसरीही. आजीची बोली आणि नातीची इंग्रजाळलेली मराठी, दोन्ही समजणाऱ्या आईसारखा. राउटरला येणारी बाहेरची वायर उपसली, दोन यंत्रं एका केबलने जोडली, आणि एक्सेचाळीस फायली आतल्या खोलीतून मधल्या लॅपटॉपवर आल्या, तिथून माझ्या विंडोज 10 वर. दोन्ही खेपा मिळून मिनिटभरही लागला नाही. मी पहिली फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, चलनांच्या खुणा, टोप्या घातलेले फ्रेंच स्वर.

आत्या मागे उभी होती. म्हणाली, “अगं, फाइल आली ना तुझ्याकडे? मग वाच की.”

या विषयावरची सगळ्यांत नेमकी समीक्षा मी एवढीच ऐकली आहे.

हे का घडतं ते सांगायला हवं, कारण त्याचा पुण्याशी निकटचा संबंध आहे. 1988 साली पुण्यात सी-डॅक स्थापन झालं. ‘परम’ महासंगणकासाठी ते गाजलं, पण भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं मोठं कामही तिथे झालं. ‘श्री-लिपी’ बनवणारी मॉड्युलर इन्फोटेकही पुण्याची. मराठी छपाईतला खिळा जाऊन संगणक आला, त्यात या शहराचा वाटा मोठा आहे. अडचण अशी होती, की पानं लावायची ती पेजमेकरसारख्या प्रोग्राममध्ये, आणि त्याला देवनागरी ठाऊक नव्हती. म्हणून इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले गेले. काना एका जागी, अर्धा ‘स’ दुसऱ्या, रफार तिसऱ्या. फाइलीत साठायची ती इंग्रजी अक्षरंच, मराठी दिसायची ती फॉन्टमुळे. आणि कुठला तुकडा कुठे बसवायचा हे प्रत्येक सॉफ्टवेअरने आपापलं ठरवलं. 1991 साली इस्की नावाचं राष्ट्रीय मानक आलं, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली. विंडोज 2000 पासून युनिकोड मराठीची सोय होती. तिच्यातला ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी या मराठी कवी-सुलेखनकाराने घडवला. तरी पुढची कितीतरी वर्षं पुस्तकं आणि दिवाळी अंक जुन्या फॉन्टांतच लागत राहिले. कामं अडत नव्हती, कागदावर सगळं सारखंच दिसत होतं.

म्हणजे वायरीचं दार दूरदेशच्या कंपनीने बंद केलं, त्याला सुरक्षेचं कारण होतं. अक्षरांचं दार मात्र आपणच आपल्यासमोर बंद ठेवलं, आणि त्याला सवयीपलीकडे कारण नव्हतं.

मराठीत ‘शेअर करणं’ आता क्रियापदासारखं रुळलंय. मी बराच विचार केला, याला आपला शब्द कोणता? ‘वाटणं’ म्हणावं तर त्यातून ‘वाटणी’ निघते, आणि वाटणी म्हटलं की भाऊ, वकील आणि मधोमध घातलेली भिंत डोळ्यांसमोर येते. वाटल्याने कमी होणाऱ्या वस्तूंचा तो शब्द आहे. फाइल दिल्याने कमी होत नाही. तिच्या जवळचं आपल्याकडे काही असेल तर विरजण. वाटीभर दिलं तरी देणाऱ्याचं दही तेवढंच राहतं, आणि घेणाऱ्याकडे उद्या अख्खं भांडं लागतं. पण त्यालाही अट आहे. घेणाऱ्याकडे कोमट दूध हवं. नुसती वाटी पोचून भागत नाही.

या कसोटीवर आजचं ‘शेअर’ही तपासावं. एकाच फ्लॅटमधल्या दोन खोल्यांतली माणसं फोटो तिसऱ्याच्याच गोदामात ठेवतात आणि एकमेकांना त्याचा पत्ता पाठवतात. सोय आहे, सुरक्षितताही जुन्यापेक्षा जास्त आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण गोदामवाल्याने नियम बदलले, खातं बंद पडलं, की दोघांच्याही हातात काही नसतं. जुन्या वायरीने दिलेली फाइल घेणाऱ्याची होऊन जायची. दिलेलं घेणाऱ्याला वाचता यावं आणि पुन्हा न विचारता जपता यावं, या दोन गोष्टी असतील तरच मी त्याला देणं म्हणेन. जुन्या शेजाराने दुसरी पाळली, पहिली मराठीसाठी निसटली. आजच्या व्यवस्थेत युनिकोडमुळे पहिली साधली आहे, दुसरी निसटते आहे.

पुण्यातच हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज त्या पारीच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. त्यामागे अनेक माणसांची अनेक वर्षं आहेत. घराघरांतल्या आतल्या खोल्यांत पडलेल्या फायलींना अशी माणसं मिळणार नाहीत. त्यांचं काम घरच्यांनीच करायला हवं. फायलींबरोबर त्यांचे फॉन्टही उतरवून घ्यावेत, रूपांतर करून साधी युनिकोड प्रत काढावी, ती दोन वेगळ्या घरांत ठेवावी. घाईही आहे. माझ्या ‘नव्या’ विंडोज 10 ची देखभालसुद्धा 14 ऑक्टोबर 2025 ला संपली.

रूपांतर करून देणारे प्रोग्राम मिळतात. आमच्या ओव्यांची बहुतेक अक्षरं त्यांनी सुटी केली, पण रफार भलत्या अक्षरावर गेले, ‘ऱ्ह’ फुटला, आणि भोरकडचे शब्द चूक की बरोबर हे सांगणारा कुठलाही कोश माझ्याकडे नव्हता. शेवटी आत्या आतल्या खोलीत जुन्या पडद्यासमोर बसली. ती मोठ्याने वाचते, मी बाहेर लॅपटॉपवर दुरुस्त करते. दिवसाला वीस-बावीस ओव्या होतात. मधेच एखादी ती वाचायची सोडून म्हणू लागते. तेव्हा मी टाइप करायची थांबते, कारण फाइलीत होती त्यापेक्षा तिला एक ओळ जास्त येत असते.