घरात राहिलेला उन्हाळा

मराठी वाङ्मयातील मूल उन्हाळ्यात सहसा घरी राहत नाही. परीक्षा आटोपली की त्याचे कपडे बांधले जातात, ते आगगाडीत किंवा एस.टी.त बसते आणि आजोळी पोचते. तेथे आमराई असते, पोहायला विहीर असते, लाड करणारी आजी आणि खिसा मोकळा करणारा मामा असतो. मामाच्या गावाला नेणाऱ्या आगगाडीचे ग. दि. माडगूळकरांचे गाणे आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्यांच्या तोंडी बसले आहे. शाळेत 'माझी उन्हाळ्याची सुटी' हा निबंध लिहावयास सांगितला, की कोठेही न गेलेले मूलसुद्धा कोठे तरी जाऊन आल्याचे लिहिते. निबंध म्हणजे प्रवास, हे त्याच्या मनावर पक्के ठसलेले असते.

या प्रवासाविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. तो आनंदाचा आहे आणि पुष्कळांच्या आठवणीत खराही आहे. तक्रार आहे ती त्याच्या सावलीत झाकल्या गेलेल्या दुसऱ्या उन्हाळ्याविषयी. लहान मुले घरात आहेत, दार लावलेले आहे, आई कामात आहे आणि दिवस सरता सरत नाही, असा तो उन्हाळा. बहुसंख्य मुलांच्या वाट्याला तोच येतो. आपल्या साहित्याने त्याची दखल कितपत घेतली, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

हा प्रश्न विदर्भात अधिक तीव्रतेने जाणवतो. वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) हे गाव त्यासाठी डोळ्यांपुढे ठेवावे. सेलू तालुक्यातील हे छोटे शहर नागपूर-वर्धा लोहमार्गावर आहे आणि रेल्वे त्याच्या नावातच आहे. गाण्यातली आगगाडी येथील मुलांना घरबसल्या ऐकू येते, परंतु कितीतरी गाड्या न थांबता पुढे निघून जातात. मे महिन्यात या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास आणि पुढेही जातो. २५ मेच्या सुमारास नवतपा लागतो, तेव्हा 'ऊन' हा शब्द अपुरा पडतो आणि माणसे 'तपन' म्हणू लागतात. याच उष्म्यामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे येथील मुलांची सुटी अधिक लांब आणि तितकीच अधिक बंदिस्त. मामाच्या गावी जावे, तर मामाही बहुधा याच तापलेल्या मुलखात राहतो.

अशा घरातील दिवसाची घडण पाहावी. आईचा दिवस पहाटेच सुरू होतो, कारण ऊन चढण्यापूर्वी वाळवण घालावयाचे असते. कुरडयांचा चीक शिजतो. मुले डोळे चोळत वाटी घेऊन येतात आणि गरम चीक तेल-तिखट घालून खातात. बायका काडीवर कणीक गुंडाळून सरगुंडे करतात आणि शेजारी बसलेली मुलगी आपलीही एक वेडीवाकडी काडी वळते. गच्चीवरच्या पापडांवर चिमण्या-कावळ्यांपासून पहारा ठेवण्याचे काम मुलांकडे येते. दहा-अकराच्या सुमारास दारे-खिडक्या लागतात, कूलरच्या ताट्यांवर पाणी पडते आणि पुढचे पाच-सहा तास घर हेच जग होते. अष्टचंग्याचा पट खडूने फरशीवर आखला जातो, चिंचोके वाटले जातात, भांडणे होतात, पन्ह्याचे पेले येतात. मधल्या काळात आईने तीन वेळा तरी 'आता झोपा' म्हटलेले असते.

हीच सिंदी तान्ह्या पोळ्यासाठी प्रसिद्ध आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल घेऊन रस्त्यावर येतात आणि सारे गाव ते पाहावयास लोटते. वर्षातील तो एक दिवस मुलांचा सार्वजनिक दिवस आहे आणि त्याचे कौतुक वर्तमानपत्रांतही होते. उन्हाळ्यातील दीड-दोन महिन्यांत मात्र तोच लाकडी बैल बंद दाराआड फरशीवर ओढला जातो. ते पाहणारे एकच माणूस असते आणि तेही कणीक मळत असते. साहित्याचे काम नेमके येथे सुरू व्हावयास हवे.

या विषयावरील लेखन तपासताना दोन गोष्टी पाहाव्यात, असे वाटते. मुलाचा वेळ मुलाच्या मापाने मोजला गेला आहे काय, ही पहिली. मोठ्यांची दुपार दोन तासांची असते, चार वर्षांच्या मुलाची दुपार एका युगाची. आणि त्या वेळेला आधार देणारे आईचे श्रम लेखकाला दिसले आहेत काय, ही दुसरी. एक साधले आणि दुसरे निसटले, असे आपल्याकडे वारंवार घडलेले आहे.

'श्यामची आई' या पुस्तकापासून आरंभ करणे क्रमप्राप्त आहे. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. आपल्या कितीतरी घरांत ते भक्तिभावाने वाचले गेले आहे. आईचे श्रम दिसणे ही कसोटी हे पुस्तक उत्तम रीतीने पार करते. 'अर्धनारी नटेश्वर' या प्रकरणात तर मुलगा आईच्या कामाला हात लावतो आणि त्यात कमीपणा मानीत नाही. त्या काळी हे धाडसाचेच विधान होते. तथापि, या पुस्तकातील जवळजवळ प्रत्येक प्रसंग बोधाकडे वळतो. रात्री मित्रांना सांगितलेल्या या आठवणी आहेत, आणि सांगणाऱ्याला त्यांतून काही द्यावयाचे आहे. त्यामुळे ज्या दिवशी काहीच घडले नाही आणि काहीच शिकता आले नाही, अशा दिवसाला तेथे जागा उरत नाही. लहान मुलांच्या घरात बहुतेक दिवस तसेच असतात. ते बोधाविना वाया गेले, असे मानणे मुलांवर अन्याय करणारे आहे.

प्रकाश नारायण संतांचा लंपन याच्या दुसऱ्या टोकाला उभा आहे. 'वनवास' (१९९४), 'शारदा संगीत' (१९९७), 'पंखा' (२००१) आणि 'झुंबर' (२००४) या चार संग्रहांतून भेटणारा हा मुलगा बेळगावकडच्या मुलखात आजी-आजोबांपाशी राहतो. त्याला बोध करावयाचा नाही. तो पाहतो, ऐकतो, मनात गोंधळतो आणि त्या गोंधळाला 'मॅड' हा आपला लाडका शब्द लावून मोकळा होतो. मुलाचे काळमान मराठी गद्यात इतक्या नेमकेपणाने क्वचितच उतरले असेल. सीमाभागातील कानडी वळणाची मराठी जशीच्या तशी ठेवल्यामुळे हे लेखन त्या मातीचे झाले आहे. परंतु लंपनचे घर आजोळच्या मायेचे घर आहे आणि आई-वडिलांपासूनचे अंतर हीच त्याच्या कथांमागची हुरहुर आहे. दोन लहानग्यांना सांभाळीत चूल, पाणी आणि वाळवण पार पाडणारी तरुण आई या कथांच्या केंद्रस्थानी येत नाही.

जी. ए. कुलकर्णी यांच्या 'बखर बिम्मची' या पुस्तकाचा उल्लेख येथे आवर्जून करावयास हवा. नियतीच्या काळोख्या कथा लिहिणाऱ्या या लेखकाने चिमुकल्या बिम्मसाठी आणि त्याच्या बब्बी या बहिणीसाठी इतकी उजळ भाषा वापरावी, याचे नवल वाटते. राजेरजवाड्यांच्या इतिहासासाठी राखलेला 'बखर' हा शब्द त्यांनी एका लहान मुलाच्या बारीकसारीक उलाढालींना बहाल केला. त्या एका शब्दात मोठी वाङ्मयीन भूमिका आहे. मुलाचा दिवस नोंदवून ठेवण्याच्या योग्यतेचा आहे, असे तो शब्द सांगतो. बखर मात्र बिम्मची आहे. आईच्या दिवसाचा हिशेब मांडणे हे तिचे प्रयोजन नाही. तेव्हा पहिल्या कसोटीला ती पुरेपूर उतरते आणि दुसरीच्या वाटेला जात नाही.

दुसऱ्या कसोटीचे सर्वांत निर्भय उत्तर आपल्याला विदर्भातच मिळते. उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली. तिच्या नावातच या मुलखाचा दाह आहे, जरी तो केवळ उन्हाचा नाही. शिंपीकाम करणाऱ्या महादेवच्या संसारात कौतिक ही स्त्री भीमा, येसी आणि नामा या मुलांना जगविण्यासाठी झगडते आणि अखेरीस त्या आगीत स्वतःच होरपळते. कौतिकच्या घरात सुटी नावाची वस्तू नाही. मुले घरी असणे म्हणजे खाणारी तोंडे समोर असणे, हे कटू सत्य शेळके लपवीत नाहीत. संवादांतील वऱ्हाडी बोली इतकी जिवंत आहे, की 'काहून', 'माय', 'पोट्टे' हे शब्द छापलेल्या पानावर पाहून विदर्भातील वाचकाला आपले घर ओळखू येते. परंतु या धगीत बालपण जळून जाते. नामाला रिकामी दुपार लाभत नाही. दारिद्र्य मुलाच्या हातून प्रथम काय हिरावून घेते, याचे उत्तर ही कादंबरी न बोलता देते. ते हिरावून घेते त्याचा रिकामा वेळ.

या दोन्ही कसोट्या एकाच वेळी पार करणारे पुस्तक कोणते, असे विचारले तर लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'कडे बोट दाखवावे लागेल. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले हे आत्मकथन आपल्या ख्रिस्ती घरांना अपरिचित नाही. बहुधा म्हणूनच आपण ते केवळ धर्मांतराची आणि एका मोठ्या कवीच्या सहधर्मचारिणीची कथा म्हणून वाचतो आणि त्यातील घर पाहावयाचे राहून जाते. त्यातील आरंभीची प्रकरणे पुन्हा वाचावीत. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येत नाही आणि सारे घर त्या धुण्यात बुडालेले आहे. मुलांनी ते सोसले आहे. लेखिका मात्र ते सांगताना हसते, आणि ते हसू कोणालाही दुखवीत नाही. पुढे त्या स्वतः आई होतात. नागपूर, राजनांदगाव, पंढरपूर, नगर अशी बिऱ्हाडे बदलतात. लहानग्या दत्तूला घेऊन पतीपासून दूर राहण्याची वर्षे येतात. टिळक परक्यांची मुले घरी आणतात आणि घर भरत जाते. या धबडग्यात भांडी, धान्य, आजारपण, रुसवे आणि मुलांचे बोलणे हे सारे लेखणीखाली येते. शाळेचे शिक्षण न लाभलेल्या या स्त्रीने बोलण्याच्या भाषेत लिहिले, म्हणूनच घरातील दिवस त्या भाषेत मावला. अलंकारिक भाषेला तो पेलला नसता.

येथे एक निष्कर्ष काढता येतो. घरातील लहान मुलांचा दिवस साहित्यात यावयाचा असेल, तर तो जिच्या हातांतून जातो तिच्या बोलीत यावा लागतो. तो क्वचितच आला, याचे कारण विषयाच्या क्षुद्रतेत शोधू नये. ज्या दोन हातांना हे माहीत होते, त्यांना लेखणी धरावयास सवड नव्हती. ज्यांना सवड होती, ते मोठे झाल्यावर आठवणी लिहीत होते, आणि आठवणीला प्रवास लवकर सापडतो, बंद खोलीतील दुपार उशिरा.

वर्धा जिल्ह्याला हा विचार परका नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना मांडली आणि सेवाग्राममध्ये नई तालीम आकारास आली. १९४४ नंतर त्यांनी तिची कक्षा वाढवून शाळेत येण्यापूर्वीचे वय आणि आईचे शिक्षण यांचाही तीत समावेश केला. घर झाडणे, धान्य निवडणे, पाणी भरणे या कामांत मूल मोजणी, भाषा आणि सहकार्य शिकते, हे तेथे प्रत्यक्ष करून पाहिले गेले. वाळवण राखणारे सिंदीचे मूल नकळत तेच करीत असते. शिक्षणशास्त्राने ओळखलेली ही गोष्ट ललित साहित्याने अजून पुरती ओळखलेली नाही.

वाचक बंधुभगिनींनो, ही चर्चा केवळ ग्रंथांपुरती नाही. आज बंद दाराआडची दुपार मोबाईलच्या पडद्याकडे सोपविणे सोपे झाले आहे आणि थकलेल्या आईला त्यासाठी दोष देणे त्याहून सोपे. दोष देण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे, की तिच्या दुपारीला काही मोल आहे, असे तिला आपल्या पुस्तकांनी फारसे कधी सांगितले नाही. कोठे तरी गेलेली सुटीच खरी, असे सांगत राहिलेल्या वाङ्मयाने घरात राहिलेल्या मुलाला कमीपणा दिला, आणि त्याला घरात सांभाळणारीलाही.

उपाय साधा आहे. या उन्हाळ्यात दार लागल्यावर मुलांना 'बखर बिम्मची' मोठ्याने वाचून दाखवावी आणि 'स्मृतिचित्रे'तील आरंभीची प्रकरणे स्वतःसाठी काढावीत. मुलांनी निबंधात मामाचे खोटे गाव लिहू नये. कुरडयांचा चीक लिहावा, कावळ्यांवरचा पहारा लिहावा, न थांबता गेलेली गाडी लिहावी. शिक्षकांनी त्याला पूर्ण गुण द्यावेत. आणि धर्मग्रामातील माताभगिनींनी आपली एखादी दुपार चार ओळींत, आपल्याच बोलीत टिपून ठेवावी. शुद्धलेखनाची चिंता संपादकांनी करावी. मराठी साहित्यात जी जागा रिकामी आहे, ती भरण्याचा पहिला अधिकार त्यांचाच आहे.