आहारविकारांवरील चुंबकीय मेंदू-उद्दीपन : उपलब्ध पुराव्याची चिकित्सा

शस्त्रक्रियेविना मेंदूला उद्दीपित करण्याच्या पद्धतींमध्ये टीएमएस, म्हणजेच ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, ही विशेष चर्चिली गेलेली पद्धती होय. अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये शेफील्ड येथे ती विकसित केली. डोक्याजवळ धरलेल्या तारेच्या वेटोळ्यामुळे बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते व मेंदूच्या पृष्ठभागात सूक्ष्म विद्युतप्रवाह उत्पन्न होतो. नैराश्यावरील उपचार म्हणून अमेरिकेत २००८ मध्ये तिला मान्यता मिळाली. नैराश्यातील हे यश आहारविकारांच्या खात्यावर जमा करण्याची घाई मात्र तपासून पाहणे अगत्याचे आहे.

बुलिमियाग्रस्त ४७ स्त्रियांवरील, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच अभ्यासात दहा सत्रांनंतरही खरे उद्दीपन आभासी उद्दीपनापेक्षा सरस ठरले नाही. लंडन येथील २०१८ च्या अभ्यासात दीर्घकालीन अॅनोरेक्सियाच्या ३४ रुग्णांना वीस सत्रे देण्यात आली. मनःस्थिती सुधारली, वजनात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. उपचार नेमका कशावर झाला, हा प्रश्न येथे उद्भवतो. ब्रिटनच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी आहारविकारांसाठी देऊ नयेत अशा शारीरिक उपचारांत टीएमएससोबत योगासही बसविले आहे, हे आपल्याकडील उत्साही मंडळींनी अवश्य वाचावे. लंडनचा अभ्यास त्यानंतरचा असला, तरी ती शिफारस उलटविण्याइतका तो मोठा नाही.

दुसरा आक्षेप निदानासंबंधी आहे. दिल्लीतील मनोविकारतज्ज्ञांनी १९९५ मध्ये पाच तरुणींची नोंद प्रसिद्ध केली. त्या अन्न नाकारीत, त्यांचे वजन घटले होते. परंतु स्वतःच्या देहाविषयीची विपर्यस्त प्रतिमा त्यांच्यात आढळली नाही. पाश्चात्त्य प्रश्नावल्या उपाशी राहण्यामागे वजन वा बांध्याचा हेतू शोधतात. संकष्टी, एकादशी, नवरात्र अशा उपवासांच्या आड जेवण टाळणारी मुलगी त्या चाळणीतून सहज निसटू शकते. ज्या निकषांवर रुग्ण निवडले गेले, तेच येथे अपुरे असतील, तर त्या रुग्णांवरील निष्कर्ष येथे जसेच्या तसे कसे लागू करावेत?

गुहागर तालुक्याच्या संदर्भात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. वीस सत्रे म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, सलग चार आठवडे. कुपोषित मुलीस तवसाळहून फेरीबोटीने जयगड गाठून रत्नागिरीस, किंवा एसटीने चिपळूणमार्गे त्याहून दूर, रोज नेणे-आणणे कुटुंबास कितपत झेपेल? शिवाय वारंवार ओकारी काढणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडलेले असल्यास आकडीचा धोका वाढतो. टीएमएसचा सर्वांत गंभीर, जरी विरळ, दुष्परिणामही आकडी हाच आहे. किशोरवयीन अॅनोरेक्सियात कुटुंबाधारित उपचारास सर्वाधिक आधार आहे. त्यात आईवडील प्रथम मुलीच्या जेवणाची जबाबदारी स्वतःकडे घेतात आणि वजन सावरू लागल्यावर ती टप्प्याटप्प्याने तिच्याकडे परत सोपवितात.