राहेलची चूल आणि काटकसरीचा हिशेब

काटकसर हा विषय वाङ्मयात फारसा प्रतिष्ठित नाही. दारिद्र्याचे चित्रण प्रतिष्ठा पावले आहे, वैभवाचेही पावले आहे. परंतु ज्या घरात दोन्ही वेळा चूल पेटते, दारी आलेला पाहुणा जेवल्यावाचून परत जात नाही, आणि तरीही महिन्याच्या पंचविशीला तेलाच्या बरणीचा तळ पाहावा लागतो, त्या घरातील गृहिणीची बुद्धी कादंबरीकारांच्या दृष्टीस क्वचितच पडते. एस्थर डेव्हिड यांच्या 'बुक ऑफ रेचल' (२००६) या इंग्रजी कादंबरीकडे आम्ही याच दृष्टीने पाहणार आहोत. तिला २०१० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि तिच्यावर बरेच लिहिले गेले. त्या लेखनात समुद्र, स्थलांतर, स्मृती, एकटेपणा हे सारे येते. चुलीवर काय शिजले हेही येते. ते किती पुरले, हा प्रश्न मात्र आमच्या पाहण्यात कोणी विचारलेला नाही.

लेखिका अहमदाबादच्या. त्यांचे वडील रूबेन डेव्हिड यांनी कांकरियाचे प्राणिसंग्रहालय उभारले, हे गुजरातेतील आपल्या वाचकांस सांगावयास नको. कादंबरीची नायिका राहेल ही कोकणच्या किनाऱ्यावरील दांडा गावी राहणारी बेने इस्रायली विधवा. मुले इस्रायलला गेली आहेत, गावातील यहुदी घरे रिकामी झाली आहेत, आणि ओस पडलेल्या सिनेगॉगची झाडलोट ही एकटी बाई करीत असते. सिनेगॉगच्या जमिनीवर विक्रीचा डोळा पडतो आणि कथा तेथून वेग घेते. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी एक पाककृती आहे. काही प्रकरणांत ती कथेच्या अंगात मुरते. काही ठिकाणी मात्र दाराबाहेर काढून ठेवलेल्या वहाणांसारखी बाहेरच राहते.

बेने इस्रायल म्हणजे आपलीच भाषा बोलणारा, कोकणात शतकानुशतके नांदलेला यहुदी समाज. किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर अशी यांची आडनावे. घाणा चालविणे हा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारच्या गावकऱ्यांनी यांना 'शनिवार तेली' म्हटले. प्रार्थनागृहाला ही मंडळी 'मशीद' म्हणत. सणांची नावेही घरगुती मराठीत पाडलेली. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेला आणि १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेलेला या समाजाचा इतिहास पाहावा. त्यात खिरीचा सण आहे, शिळा सण आहे, दार फाळणीचा सण आहे, बिरड्याचा रोजा आहे. ज्या समाजाने आपल्या धर्माचे पंचांग खीर, शिळे अन्न आणि बिरडे यांच्या नावाने लक्षात ठेवले, त्याचे स्वयंपाकघर केवळ चवीच्या अंगाने वाचणे आम्हास अपुरे वाटते.

यहुदी आहारनियम हे मुळात खर्चाचे प्रकरण आहे. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, या आज्ञेतून मांस आणि दूध यांची पूर्ण फारकत निघाली. ज्या जेवणात मांस, त्यात दूध, दही, तूप काही नाही. भांडी निराळी ठेवावी लागतात. धातूचे भांडे उकळत्या पाण्यात बुडवून शुद्ध करता येते, मातीचे एकदा बाटले की बाद. आमच्या आजीच्या पिढीने सोवळे पाळले असल्याने यातील जाच समजावून घेण्यास आपल्याला वेळ लागू नये. मासा खवल्यांचा आणि परांचा हवा. म्हणजे पापलेट, सुरमई, बांगडा चालेल; पण कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या आणि मुशी वर्ज्य. आता कोकण ज्यांनी पाहिले आहे त्यांनी विचार करावा. ओहोटीला खाडीत उतरून फुकट वेचून आणता येतात त्या तिसऱ्या, आणि गरिबाच्या ताटात पैशावाचून पडणारे ते एकमेव कालवण. धर्माने नेमके तेच काढून घेतले. मांसाचे तर विचारूच नये. जनावर विधिवत कापणारा जाणता माणूस गावात असेल तरच मांस. ते आणल्यावर अर्धा तास पाण्यात, मग तासभर मिठात, मग धुऊन रक्ताचा अंश काढायचा. मीठही विकतचेच. अंडे फोडावयाचे तर प्रत्येक निराळ्या वाटीत, कारण रक्ताचा ठिपका दिसला की ते टाकावे लागते. पातेल्यात थेट फोडले आणि सहावे खराब निघाले तर आधीची पाचही गेली. ही वाटी म्हणजे धर्म आणि हिशेब यांची गाठ आहे. तिला पाककृतीत एक ओळसुद्धा मिळत नाही, कारण पाककृती 'सहा अंडी घ्यावीत' येथून सुरू होते.

या नियमांना कोकणी बाईने जे उत्तर शोधले ते आमच्या मते या समाजाची खरी कलाकृती होय. मांसाच्या रश्श्याला दूध-तूप चालत नाही, तर नारळाचे दूध आहे. आणि तूप नको तर तेल घरच्याच घाण्याचे. ज्या निर्बंधाने युरोपातील थंड देशांत यहुदी गृहिणीला बदकाची चरबी साठवून ठेवावी लागे, तो येथे परसातल्या माडाने आणि नवऱ्याच्या धंद्याने निभावला. शब्बाथच्या आशीर्वादाला द्राक्षाचा मद्यार्क हवा. तो कोठून आणणार? काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्यांचे सरबत केले, आणि विधी साजरा झाला. पावाच्या ठिकाणी चपाती आली. एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने नवस फेडताना करतात तो मलिदा पाहा: भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, गूळ वा साखर, वेलची, आणि सोबत फळे. विस्तवसुद्धा लागत नाही. देवाचे देणे इतक्या थोडक्यात आणि इतक्या सुवासिकपणे फेडणारा दुसरा नैवेद्य आम्हास ठाऊक नाही.

पण या सर्वांत आम्हास मोलाचा वाटतो तो 'अनाशी ढाकाचा सण'. वल्हांडणाचे हे घरगुती नाव. अनास म्हणजे आंबट रस साठविण्याचे मडके. तो रस वर्षभर कालवणाला वापरीत. वल्हांडणाच्या आठ दिवसांत घरात आंबवलेले काही असता कामा नये, हा नियम जगभरचे यहुदी पाळतात आणि त्यासाठी घरे धुऊन काढतात. कोकणातल्या बाईने मडक्यावर झाकण घातले. सणाचे नाव त्या झाकणावरून पडले! वर्षभर जपलेला आंबट रस ओतून द्यावयाचा, की आठ दिवस दृष्टीआड करावयाचा, हा प्रश्न तिच्यापुढे उभा राहिला असणार अशी आमची अटकळ आहे. शास्त्री पंडितांना तिचा निर्णय कितपत मान्य झाला असता हा भाग निराळा. पुढे समाजाचा बाहेरच्या यहुदी जगाशी संबंध वाढला, विद्या आली, छापखाने आले. १८७४ साली पुण्यात छापलेल्या मराठी हगादेत वल्हांडणाची बेखमीर भाकरी करणाऱ्या बायकांचे चित्र आहे. त्या साड्या नेसून जमिनीवर बसून काम करीत आहेत. धर्म शुद्ध झाला, बसण्याची पद्धत तीच राहिली.

आता कादंबरीकडे वळू. राहेल एकटी आहे. एकट्या माणसाचा स्वयंपाक ही काटकसरीची सर्वांत कठीण परीक्षा असते. चार जणांच्या आमटीला लागणारी फोडणी एकाच्या आमटीलाही जवळजवळ तेवढीच लागते. नारळ फोडला तर तो अर्धा टाकावा लागेल किंवा तीन दिवस तोच खावा लागेल. शुक्रवारी सूर्य मावळण्यापूर्वी शनिवारचेही शिजवून ठेवावयाचे, कारण शनिवारी विस्तव पेटवावयाचा नाही आणि पैशाला हात लावावयाचा नाही. सकाळी चढलेला मासळीचा भाव दिवस कलता उतरतो, हे बाजार करणारा प्रत्येक जण जाणतो. पण शुक्रवारी त्या उतरत्या भावाची वाट पाहण्यास राहेलला सवड कोठली? आमचे आयुष्य शासकीय दरपत्रके तपासण्यात गेले, त्यामुळे अशा ठिकाणी आमचे लक्ष अडते हे मान्य. पण येथे अडावे असे काहीतरी आहे. राहेलच्या हातची चव लेखिकेने प्रेमाने आणि अधिकाराने रंगविली आहे. तिच्या बाजारहाटाकडे मात्र तितके लक्ष दिलेले नाही. राहेल जमिनीसाठी लढते, आणि ते बळ तिच्यात कोठून आले याचे उत्तर वाचकाला तिच्या श्रद्धेत आणि आठवणींत शोधावे लागते. आमच्या मते ते तिच्या भांड्याकुंड्यांतही होते. जी बाई आयुष्यभर एका नारळाचा पहिला रस, दुसरा रस आणि उरलेला चोथा यांचा हिशेब ठेवते, तिला जमिनीचा भाव कोणी शिकवावा लागत नाही.

याच लेखिकेचे 'बेने ॲपेटिट' (२०२१) हे पाकपुस्तक हाती आले तेव्हा ही उणीव भरून निघेल अशी अपेक्षा होती. पुस्तकाची व्याप्ती मोठी आहे. कोकणचे बेने इस्रायल, कोचीचे यहुदी, कोलकात्याचे बगदादी, आंध्रातील बेने एफ्राईम आणि मणिपूर-मिझोरामचे बेने मनाशे अशा पाच समाजांची स्वयंपाकघरे लेखिकेने एका पुस्तकात आणली. वयाच्या पंचाहत्तरीच्या सुमारास हे काम करणे सोपे नव्हे, आणि ते झाले नसते तर पुष्कळ काही कायमचे गेले असते. तथापि वाचताना ताट नेहमी मांडलेलेच दिसते. ते मांडण्यापूर्वी काय झाले ते पुस्तकाच्या बाहेर राहते. 'नारळाचे दूध घालावे' असे वाचून आजची सून दुकानातून पुडके आणील. अहमदाबादला गेलेल्या बेने इस्रायली कुटुंबांना कोकणातला घरचा नारळ विकत घ्यावा लागू लागला, तेव्हा रश्श्यात नेमके काय बदलले, हे सांगण्याचा अधिकार या लेखिकेइतका कोणाला होता? बडोद्याच्या आणि इंदूरच्या मराठी घरांनी हा बदल भोगला आहे. ओल्या खोबऱ्याच्या जागी सुके खोबरे आणि त्याच्याही जागी शेंगदाण्याचे कूट, ही उतरंड आपल्याकडे कोणी लिहून ठेवली नाही, पण प्रत्येक घराला ती पाठ आहे. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'चे (१९७०) मोठेपण त्यांच्या वाटी-चमच्याच्या मापात होते, ते याच कारणाने. घरात असलेल्या वाटीने मोजले की नवी सून सामान नासत नाही.

राहेलची मुले जेथे गेली तेथील दुकानांचाही या कथेशी संबंध आहे. इस्रायलमध्ये १९४९ पासून १९५९ पर्यंत शिधावाटप होते. त्या काळात गेलेल्या बेने इस्रायलींपैकी काहींनी १९५१-५२ मध्ये तेथे धरणे धरून भारतात परत पाठविण्याची मागणी केली आणि ते परत आलेही. त्यांच्या तक्रारींत एक तक्रार पावाच्या दुकानातली होती: तुम्ही काळे, तुम्हाला काळाच पाव. काटकसर स्वतःहून करणे आणि ती दुसऱ्याने रंग पाहून लादणे यांतील अंतर या एका तक्रारीत दिसते. परदेशी गेलेल्या मुलांचे दुःख रंगविताना विरहावर भर देणे कादंबरीकारांना सोयीचे जाते. दुकानाच्या रांगेतला हा अपमान कोणी तितक्या बारकाईने रंगवीत नाही.

भाषेविषयी एक तक्रार राहते. हे सारे स्वयंपाकघर मराठीत चालत आले, आणि त्याची नोंद इंग्रजीत झाली. लेखिकेला दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी आपल्या लेखनाच्या भाषेत लिहिले. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा वर्तमानपत्रांतून कौतुकाचे लेख आले आणि त्यांत मलिद्याचे फोटो होते. चिकाचा हलवाही आता लोकांस ठाऊक झाला आहे. बिरड्याच्या रोज्याला कोणी छायाचित्रकार जात नाही. यरुशलेमचे मंदिर पडल्याच्या शोकाचा तो उपवास. त्याआधीचे दिवस मांस वर्ज्य, आणि उपवास सुटतो तो मोड आलेल्या वालांच्या बिरड्यावर. वाल रात्रभर भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, आणि मग एकेक दाणा सोलीत बसायचे. त्याला पैसा थोडा लागतो आणि दुपार सगळी लागते. 'बेने ॲपेटिट'ची पुढील आवृत्ती निघाली तर तीत ही दुपार यावी, आणि शक्य झाल्यास ती ज्यांनी सोलण्यात घालविली त्यांच्या मराठीत यावी, एवढी सूचना करून ठेवतो.